मर्सिनरीज मोड: आरई ३ भारी की आरई ४?

रॅकूनकर

माझं मत आधी मांडतो, मग कारणं. रेसिडेंट ईव्हिल (आरई) या भयप्रधान व्हिडिओ गेम मालिकेत मुख्य खेळ संपवल्यावर मिळणारा मर्सिनरीज हा जादा मोड आरई ३ मध्ये जितका जमलाय तितका आरई ४ मध्ये जमलेला नाही. बहुतेकांना उलटं वाटतं. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आपली मंडळी जमली होती तेव्हाही या बाजूला मी एकटाच होतो, आणि बोलताना सगळे मुद्दे काही आले नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. रेसिडेंट ईव्हिल ३: नेमेसिस १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला. रेसिडेंट ईव्हिल ४ जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूब कन्सोलवर आणि त्याच वर्षाअखेरीस प्लेस्टेशन २ वर. दोन्ही कॅपकॉम कंपनीचे. दोन्हींत हा मोड आहे, दोन्हींत घड्याळ दोन मिनिटांपासून उलटं पळतं, दोन्हींत शत्रू मारून काहीतरी कमवायचं असतं. म्हणून लोक दोन्ही मोड एकाच जातीचे धरून चालतात आणि मग साहजिकच नवा तो सुधारलेला असं ठरवून टाकतात.

पण घड्याळ शून्यावर आलं की काय होतं ते बघा.

आरई ३ मध्ये खेळायला मिळणाऱ्या कार्लोस, मिखाइल आणि निकोलाय या तिघांच्या अंगात बॉम्ब बसवलेला आहे. ट्रॅममधून निघायचं आणि नायिका जिल मुख्य खेळाच्या सुरुवातीला ज्या गोदामात शिरते तिथल्या खोलीपर्यंत पोचायचं. घड्याळ शून्यावर आलं की बॉम्ब फुटतो, खेळ खलास. आरई ४ मध्ये शून्य म्हणजे सुटका! वेळ संपला की गुण मोजले जातात, स्टार मिळतात, तुम्ही जिवंत. मेलात तरच सगळं वाया. जायचं कुठे नाही, मैदानात गुण गोळा करायचे, त्यामुळे भीतीही उरत नाही.

या एका फरकातून बाकी सगळं निघतं. आरई ३ मध्ये वेळ म्हणजे आयुष्य. झोंबी मारला की काही सेकंद मिळतात, एकापाठोपाठ एक पाडले तर जास्त मिळतात, हल्ला अंगावर येता येता चुकवला तरी मिळतात, अडकलेल्या माणसांना वाचवलं तर भरघोस मिळतात. पण मारायला गोळ्या लागतात आणि गोळ्या मोजक्या. म्हणजे गोळ्या देऊन वेळ विकत घ्यायचा. कुठल्या गल्लीत हा सौदा परवडतो आणि कुठे मान खाली घालून पळायचं, हे दर दारापाशी ठरवावं लागतं. मुख्य खेळात तुम्ही जिलबरोबर त्याच गल्ल्यांतून दबकत गेलेले असता, आता त्याच उलट्या दिशेने धावत पार करायच्या. कुठल्या वळणावर कॅमेरा बदलतो, कुठल्या दारामागे कुत्री आहेत, कुठे स्फोटाचा पिंप आहे, ही सगळी पाठ झालेली जागा नव्याने वाचावी लागते. जादा मोडने हेच करावं असं मला वाटतं. आणि त्यात धास्ती टिकून राहते, नुसती स्पर्धा उरत नाही.

शिवाय मिळालेले पैसे मुख्य खेळातच परत जातात. अमर्याद गोळ्यांची असॉल्ट रायफल २,००० डॉलर, गॅटलिंग गन ३,०००, रॉकेट लाँचर ४,००० आणि सगळ्याच शस्त्रांना अमर्याद गोळ्या हव्या असतील तर ९,९९९.

आरई ४ वाल्यांनी उत्तर द्यावं.

धरमपेठची_एडा

देते उत्तर.

दादा, शून्याचा मुद्दा चांगला मांडलात. पण त्यावरून आरई ४ मध्ये भीती नाही असं कसं ठरतं? आरई ४ मध्ये नेम धरला की पाय थांबतात. नेम धरून चालता येत नाही. मुख्य खेळात हे थोडं सुसह्य होतं, कारण मध्ये व्यापारी भेटतो, शस्त्रं सुधारता येतात, कथेत विसावा मिळतो. मर्सिनरीजमध्ये यातलं काही नाही. दिलेली शस्त्रं, चार मॅपपैकी एक, आणि चहूबाजूंनी येणारे गानाडो, म्हणजे या खेळातले शत्रू. गोळी झाडायची तर उभं राहायचं, उभं राहायचं तर पाठ कुठे ठेवायची ते आधी ठरवायचं. मी सगळ्यात जास्त घाबरले असेन ती गावाच्या मॅपमध्ये, चेनसॉवाल्या दोघी बहिणी येतात तेव्हा. त्या दिसायच्या आधी आवाज येतो. गुण भरपूर देतात, पण एक घाव बसला की मान धडावेगळी.

आणि इथे हावरेपणाचीही परीक्षा आहे. पुढचा बळी दहा सेकंदांच्या आत घेतला तर कॉम्बो टिकतो आणि गुण चढत जातात. वेळ वाढवणारी वाळूची घड्याळं मुद्दाम लांबच्या कोपऱ्यांत ठेवली आहेत. ती घ्यायला धावलात की कॉम्बो तुटतो, नाही धावलात की वेळ संपतो. तुम्ही म्हणता 'जायचं कुठे नाही', पण चांगल्या खेळाडूच्या डोक्यात पूर्ण मॅपचा रस्ता आखलेला असतो: पहिलं घड्याळ कुठलं, बोनस कधी उचलायचा, गर्दी कुठे गोळा करायची. ३०,००० गुणांना चार स्टार मिळतात, ६०,००० ला पाच. तीस हजार कोणीही थोड्या सरावाने करेल, साठ हजारांना मात्र रस्ता आखावाच लागतो.

पात्रं बघा. सुरुवातीला फक्त लिऑन. गावात चार स्टार मिळवले की एडा उघडते, किल्ल्यात क्राउझर, बेटावर हंक, वॉटरवर्ल्डमध्ये वेस्कर. पाचही जण वेगळ्या तऱ्हेने खेळावे लागतात. क्राउझर धनुष्यबाण चालवतो आणि त्याचा तो विकृत हात एका धडकेत जवळजवळ कोणालाही आडवा करतो. हंकजवळ टीएमपी ही छोटी मशीनगन आहे, जवळ गेला की मान मोडतो. प्रत्येकाला स्वतःचं संगीतही दिलंय. एवढी मेहनत जादा मोडवर १९९९ मध्ये घेतली नव्हती.

वऱ्हाडी_हंक

राजेहो, दोघायचंही पटून राह्यलं मले, पण एक गोष्ट कोणीच बोलून नाही राह्यलं. हे मोड आपल्या इकडे लोकायले खेळाले भेटले कसे?

त्या टायमाले घरी प्लेस्टेशन कोणाकडे होतं? बर्डीवर, सदरमध्ये, महालात गेम पार्लर होते, तासाच्या हिशोबानं पैसे. आरई ३ चा मर्सिनरीज उघडाले मुख्य खेळ संपवा लागते. तो एका तासात कोणाचा संपते? म्हणजे मेमरी कार्ड पायजे. पार्लरच्या कार्डावर सेव्ह केलं तं दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्यावर क्रिकेट नाहीतं कुस्तीचा गेम सेव्ह करून ठेवे. आमच्या ओळखीच्या एका पोरानं स्वतःचं कार्ड घेतलं होतं, खिशात घेऊन फिरे. तो आला का आमी सगळे त्याच्या मागं उभे. मर्सिनरीज खेळे तो एकटाच, पण वाट सांगाले दहा जण. 'डावीकडं नोको जाऊ, कुत्रे हायेत!' आरई ३ चा मोड असा गर्दीनं पाहाचा हाय. रस्ता हाय, शेवट हाय, पोचला का नाही हे सगळ्यायले समजते.

आरई ४ आला तेव्हा नेट कॅफेत २००७ ची पीसीवाली डिस्क आली. त्याच्यात माऊसनं नेमच धरता नोहता येत! कीबोर्डावर नेम धरून चेनसॉवालीले मारणं म्हणजे काय असते ते ज्यानं केलं त्यालेच ठाऊक. तरी पोरं सोडत नोहते, कारण एक डाव काही मिनिटांचा. लाईट जाच्या आत एक तरी होऊन जाये. त्या सालात विदर्भात लोडशेडिंग किती होतं ते सांगाची गरज नाही.

म्हणून मी म्हणतो, आरई ३ पाहाले भारी, आरई ४ खेळाले भारी.

रॅकूनकर

हंकभाऊ, 'रस्ता आहे, शेवट आहे' हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत.

एडाताई, कॉम्बो आणि वाळूच्या घड्याळांमधली ओढाताण मान्य, ती फार चांगली आखलेली आहे. पण ती ओढाताण कशासाठी आहे? जास्त गुणांसाठी. घड्याळ सोडलं, कॉम्बो सोडला, तरी तुम्ही मरत नाही, फक्त स्टार कमी मिळतात. आरई ३ मध्ये चुकीच्या जागी दोन गोळ्या जास्त गेल्या तर शेवटच्या गल्लीत घड्याळ संपतं आणि गोदामाचं दार समोर असताना मरण येतं. चूक आधी होते, शिक्षा नंतर भोगावी लागते. भयपटांत आणि भयकथांत जो ताण असतो तो हाच, आणि या मालिकेचा तो मूळ स्वभाव आहे.

पात्रांचंही असंच. तुम्ही म्हणता १९९९ मध्ये मेहनत घेतली नव्हती. तीनच पात्रं आहेत खरी, पण तिघांतला फरक कशात आहे बघा. कार्लोसकडे असॉल्ट रायफल. मिखाइलकडे शॉटगन, मॅग्नम आणि रॉकेट लाँचर, म्हणजे ताकद प्रचंड. निकोलायकडे हँडगन आणि चाकू. रस्ता तोच, घड्याळ तेच, शत्रू तेच. कठीणपणाची पातळी निवडायला वेगळा मेनू नाही, तुम्ही माणूस निवडता आणि त्याच्या खिशात जे आहे त्यावर सगळं ठरतं. निकोलायने गोदाम गाठणं हा एक वेगळाच खेळ आहे. मिखाइलने जिथे थांबून उडवायचं, तिथे निकोलायने वाकडी वाट काढून निसटायचं.

खामला_प्लेयर२

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान असेन. माझी सुरुवात २०२३ च्या आरई ४ रीमेकपासून झाली. तो मार्चमध्ये आला आणि मर्सिनरीज एप्रिलमध्ये फुकट अपडेट म्हणून. त्यात लिऑन, लुईस, क्राउझर आणि हंक होते, एडा आणि वेस्कर नंतर मिळाले. मेहेम म्हणून एक गोष्ट आहे: मारत गेलात की पट्टी भरते, मग काही काळ प्रत्येकाला आपापली ताकद मिळते. हंकच्या गोळ्या संपत नाहीत, क्राउझर रूप बदलतो. दहा लाख गुणांना एस प्लस प्लस दर्जा.

मला तो मोड प्रचंड आवडतो. पण हा धागा वाचून एक गोष्ट लक्षात आली की मी त्यात घाबरलोय असं कधी झालंच नाही. मुख्य खेळात गाव पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा हात थरथरत होते. मर्सिनरीजमध्ये त्याच गावात मला शत्रू कमी पडतात असं वाटतं, अजून यायला हवेत असं वाटतं. रॅकूनकर दादा म्हणतात ते हेच का?

दुसरं, २०२० च्या आरई ३ रीमेकमध्ये मर्सिनरीज नाहीच. त्याच्या सोबत रेझिस्टन्स नावाचा वेगळा ऑनलाइन खेळ दिला होता. त्यामुळे आमच्या वयाच्या मुलांना मर्सिनरीज म्हणजे आरई ४ चाच माहीत आहे. जुना आरई ३ आता गॉग या ऑनलाइन गेम दुकानात २०२४ पासून मिळतो, तो घेऊन ठेवलाय. टँक कंट्रोल (पात्राला रणगाड्यासारखं जागेवर वळवून मग पुढे चालवायची जुनी पद्धत) अजून हाताला बसत नाहीयेत.

रॅकूनकर

हो, नेमकं हेच. 'शत्रू कमी पडतात' ही भावना आरई ३ च्या मोडमध्ये कधीच येत नाही.

रीमेकमधून तो मोड गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. नव्या आरई ३ मधलं डाउनटाउन दिसायला सुंदर आहे, तिथे निकोलायला घेऊन पळता आलं असतं तर मी आजही तेच खेळत बसलो असतो.

ओळ_क्रमांक_शून्य

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गेम बनवत नाही, पण या फरकाचं एक तांत्रिक कारण आहे ते मांडतो. कोण चांगलं यापेक्षा दोन मोड असे वेगळे का निघाले, यात मला जास्त रस आहे.

पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. आरई ३ मधली प्रत्येक जागा म्हणजे आधीच रंगवून ठेवलेलं स्थिर चित्र, त्यावर थ्रीडी पात्रं फिरतात. कॅमेरा ठरलेला. एका खोलीतून दुसरीत जाताना दार उघडण्याचं दृश्य दिसतं, तेवढ्यात पुढची खोली लोड होते. एका वेळी मोजकेच शत्रू समोर आणता येतात. अशा यंत्रावर एका मैदानात शेकड्याने शत्रू सोडता येत नाहीत. तुमच्याकडे आहेत खोल्या, दारं आणि प्रत्येक खोलीत थोडे शत्रू. यातून जादा मोड करायचा तर खोल्यांची माळ ओवायची, म्हणजे रस्ता. शिवाय नेम बऱ्यापैकी आपोआप धरला जातो, म्हणून कस नेमाचा लागत नाही, निर्णयाचा लागतो.

गेमक्यूबची मुख्य मेमरी २४ एमबी. जागा पूर्ण थ्रीडी, कॅमेरा खांद्यामागे, नेम लेझरने खेळाडूनेच धरायचा, डोक्यात गोळी मारली की शत्रू झोकांडतो आणि लाथ घालता येते, पायात मारली की गुडघ्यावर येतो. एकदम बरेच शत्रू चाल करून येऊ शकतात. इथे सगळ्यात मौल्यवान गोष्ट खेळाडूचं हात आणि डोळ्याचं कसब आहे. त्याला पूर्ण वाव द्यायचा तर मोकळं मैदान हवं. वॉटरवर्ल्ड तर मुख्य खेळात नाहीच, तो खास या मोडसाठी बनवलेला मॅप आहे. आरई ३ मध्ये असं काही नवं बांधलेलं नाही, जुनीच जागा उलटी चालवली आहे.

म्हणजे दोन्ही वेळा बनवणाऱ्यांनी आपल्या मुख्य खेळाचा गाभा काय आहे ते ओळखलं आणि तेवढंच उरवलं. आरई ३ चा गाभा होता अपुरी सामग्री आणि ओळखीचा झालेला धोकादायक रस्ता. आरई ४ चा गाभा होता गर्दीवर ताबा मिळवणं. माझं वैयक्तिक मत आरई ४ च्या बाजूने झुकतं, कारण तो पुन्हा पुन्हा खेळताना दर वेळी वेगळा घडतो. आरई ३ चा रस्ता एकदा पाठ झाला की बाकी अंमलबजावणी उरते.

धरमपेठची_एडा

दादा, तांत्रिक कारण वाचून बरं वाटलं, माझ्या मनात होतं पण शब्दांत येत नव्हतं.

फक्त गर्दीवर ताबा हा शब्द थोडा कोरडा वाटतो. लिऑनची ती गोल फिरून मारलेली लाथ आठवा. एकाच्या डोक्यात गोळी, तो झोकांडतो, बाकीचे चार त्याच्याभोवती जमेपर्यंत थांबायचं आणि मग एका लाथेत पाचही आडवे. ते थांबणं! गानाडो हात पसरून येताहेत, कुऱ्हाड फेकायच्या बेतात आहेत आणि तुम्ही मुद्दाम अर्धा क्षण जास्त थांबताय. रॅकूनकर दादा म्हणतात भीती संपते. मी म्हणते ती या अर्ध्या क्षणात गोळा होते. आमच्या घरी माझी धाकटी बहीण आणि मी आळीपाळीने खेळायचो आणि दुसरी नुसती 'थांब, थांब, आत्ता!' म्हणून ओरडायची. हंकभाऊ, आरई ४ सुद्धा गर्दीने पाहता येतो, फक्त गर्दीला तो खेळ येत असायला हवा.

बक्षिसाबद्दल मात्र एक गोष्ट राहिली. पाच पात्रं, चार मॅप, वीसही ठिकाणी पाच स्टार मिळवले की हँडकॅनन ही बंदूक मिळते, आणि मुख्य खेळात तिची सुधारणा पूर्ण केली की तिच्याही गोळ्या अमर्याद होतात. म्हणजे इथलीही कमाई मुख्य खेळात परत जातेच. फरक इतकाच की आरई ३ मध्ये थोडं थोडं कमावून लहान वस्तू घेता येते, आरई ४ मध्ये सगळं जिंकल्याशिवाय काहीच हाती येत नाही. इथे मला आरई ३ ची पद्धत जास्त आवडते. ज्याला निकोलाय जमत नाही त्यालाही मिखाइलला घेऊन खेळता खेळता रायफलचे पैसे जमवता येतात.

वऱ्हाडी_हंक

ताईनं शेवटी एक मार्क आरई ३ ले देलाच!

क्राउझरबद्दल कोणी बोलणार हाय का नाही? त्याच्या हाताच्या धडकेनं वॉटरवर्ल्डवाला दुहेरी चेनसॉचा राक्षस आडवा होते, तेव्हा जे वाटते ते आरई ३ मध्ये कुठंच नाही भेटत. रॉकेट लाँचर मिखाइलकडं हाय, पण ते वापराले जीव होत नाही, पुढं लागन म्हणून ठेवूनच देतो माणूस.

रॅकूनकर

भाऊ, ते 'पुढे लागेल म्हणून ठेवून देणं' हाच तर आरई ३ चा आत्मा. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

ओळ_क्रमांक_शून्य, 'रस्ता पाठ झाला की अंमलबजावणी उरते' हे कार्लोस आणि मिखाइलबाबत खरं आहे. निकोलायबाबत नाही. त्याच्याकडे चुकीला जागाच नसते, त्यामुळे हल्ला चुकवण्याचा क्षण थोडा मागेपुढे झाला तरी पुढचा सगळा हिशोब बदलतो. कुत्रा कुठल्या बाजूने झेपावेल ते पाठ करता येत नाही.

खामला_प्लेयर२

टँक कंट्रोल बसले! कार्लोसला घेऊन गोदामापर्यंत पोचलो. घड्याळात फार काही शिल्लक नव्हतं. शेवटच्या गल्लीत मी चक्क उभा राहून खेळत होतो, आई विचारायला आली काय झालं म्हणून.

आता प्रश्न. पैसे जमायला लागलेत. आधी २,००० ची रायफल घेऊ की ९,९९९ साठी थांबू? आणि निकोलायने सुरुवात कशी करायची ते सांगा.

रॅकूनकर

अभिनंदन, मनापासून!

थांब. विकत घेतलेली शस्त्रं मुख्य खेळात वापरायची असतात, मर्सिनरीजमध्ये ती सोबत येत नाहीत. त्यामुळे रायफल घेऊन तुझी पुढची कमाई वाढणार नाही, फक्त ९,९९९ चा दिवस लांबेल. त्या एका खरेदीत मुख्य खेळातल्या सगळ्याच शस्त्रांच्या गोळ्या अमर्याद होतात, मग वेगळी रायफल कशाला? मिखाइलला घेऊन कमाई कर. रॉकेट साठवून ठेवू नकोस, गर्दी दिसली की वापर, कारण एका फटक्यात अनेक पडले की वेळ घसघशीत वाढतो.

निकोलायसाठी आधी एक काम कर. कार्लोसने परत जा, पण या वेळी कमीत कमी गोळ्या झाडून. कुठला झोंबी बाजूने टाळता येतो, कुठे गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, आणि कुठल्या पिंपाजवळ शत्रू आपोआप जमतात, हे बघून ठेव. अडकलेली माणसं कुठे आहेत ते पक्कं लक्षात ठेव, निकोलायचा बराचसा वेळ तिथूनच येणार आहे. हँडगनच्या गोळ्या त्या खोल्यांसाठी राखून ठेव. बाकी ठिकाणी पळ, आणि अंगावर आलेला हल्ला चुकवता आला तर सेकंदही मिळतात. चाकू एकट्यादुकट्या झोंबीसाठी ठीक आहे, कुत्र्यांपुढे काढू नकोस.

धरमपेठची_एडा

आणि निकोलाय जमला की आरई ४ मध्ये हंक घेऊन बेटावर ये. तिथे जेजे नावाचा शत्रू गॅटलिंग घेऊन उभा आहे. त्याच्यासमोर उघड्यावर थांबू नकोस, आडोसा धर, त्याच्या गोळीबारात खंड पडला की ग्रेनेड टाक. साठ हजार झाले की इथे सांग.